चार पेन्सिल सेल आणि एक स्मार्टफोन

आमच्या विंगमध्ये मागे एकदा रात्री दोनपर्यंत वाद रंगला होता. खिशात मोबाईल असताना फक्त गेम खेळायला वेगळं यंत्र कोण घेणार? मी ‘कोणीच नाही’ म्हणणाऱ्यांच्या बाजूला होतो. नंतर जरा वाचलं आणि माझंच मत डळमळलं.

सुरुवात १९८९ पासून करू. त्या वर्षी निन्टेंडोचा गेम बॉय आला. तो घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांचा विचार असा की, जुनं, स्वस्त, पूर्ण हातात बसलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते नव्या जागी वापरायचं. आठ बिटी प्रोसेसर, ४.१९ मेगाहर्ट्झ. स्क्रीनवर हिरवट रंगाच्या चार छटा, मागे दिवा नाही. पुढच्याच वर्षी सेगाने गेम गिअर आणला. रंगीत, बॅकलाईटवाला, कागदावर सरसच. पण तो सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत खाऊन टाकायचा, आणि गेम बॉय चार सेलवर दहा तासांच्या वर चालायचा. शेवटी गेम बॉय (कलर धरून) ११ कोटी ८० लाखांहून जास्त खपला. स्पेसिफिकेशन पाठ करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं!

मग स्मार्टफोन आले. फेब्रुवारी २०११ मध्ये जपानात २५,००० येनला आलेला निन्टेंडो ३डीएस त्याच ऑगस्टमध्ये १५,००० वर आणावा लागला. अध्यक्ष सातोरु इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. सोनीचा व्हिटा तर २०१९ मध्ये बंदच झाला. म्हणजे जिंकलो की आम्ही!

पण २०१७ च्या स्विचने सगळं उलटवलं. त्याचे १५ कोटींहून जास्त नग विकले गेले. त्यात टेग्रा एक्स१ ही चिप होती, जी २०१५ सालीच जाहीर झालेली. पुन्हा योकोईच! मग मोबाईल कमी कुठे पडतो? काचेवर बटण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे अंगठ्याला कळत नाही. वर तोच अंगठा स्क्रीन झाकतो. पातळ मोबाईलमध्ये पंखा बसत नाही, त्यामुळे तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. स्विचमध्ये छोटा पंखा आहे. आणि मोबाईलची बॅटरी गेममध्ये संपली की घरचा फोन लागत नाही, मग आई काय बोलते ते सांगायला नको.

तरी माझं म्हणणं पूर्ण चुकलं असं मी मानत नाही. गेम बॉय अमेरिकेत ९० डॉलरला मिळत होता. २०२५ चा स्विच २ तिथे ४५० डॉलरला आला. महागाई धरली तरी फरक मोठा आहे. वेगळं यंत्र जगलं, पण शाळकरी पोराच्या खिशात मावणारं, त्याला परवडणारं यंत्र गेलं. त्या जागी आता मोबाईलवरचे फुकट गेम आहेत, जे दर पाच मिनिटांनी पैसे मागतात.

वादात माझा रूममेट जिंकला. स्विच मात्र आमच्या अख्ख्या विंगमध्ये एकाकडेही नाही.