हमिंगबर्डचा फोटो कितीला पडतो?

एप्रिल संपता संपता न्यू जर्सीत हमिंगबर्ड यायला लागतात आणि त्याच सुमारास इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘कुठली लेन्स घेऊ?’ हा प्रश्नही उगवतो. उत्तरं हजार डॉलरपासून सुरू होतात आणि वर कुठे थांबतील याचा नेम नसतो. माझं मत विचाराल तर या खरेदीत लेन्सचा नंबर सगळ्यात शेवटी. जो पक्षी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येऊन साखरपाणी पितो, त्याच्यासाठी तोफेएवढी लेन्स कशाला?

खाली दिलेल्या किमती अंदाजे आहेत, डॉलरमध्ये आहेत आणि करविरहित आहेत. न्यू जर्सीत त्यावर 6.625 टक्के सेल्स टॅक्स धरा. पक्षी म्हणाल तर पूर्वेकडचा एकच, रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. वजन जेमतेम तीन ग्रॅम, नराचा गळा लाल, मादीचा पांढरा. कॅलिफोर्नियात राहत असाल तर अ‍ॅनाज हमिंगबर्ड बारा महिने असतो, त्यामुळे तुम्हाला खरेदीची घाई नाही.

आधी साखरेचा हिशेब. चार पौंडांची पांढऱ्या साखरेची पिशवी चारेक डॉलरला मिळते आणि तिच्यात साधारण 9 कप साखर निघते. एक कप साखरेला चार कप पाणी. साखर विरघळली की काम झालं, पाक करायचा नाही. हे साखरपाणी फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतं. फीडरमध्ये एका वेळी अर्धा कपच घालायचं, कारण उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी उरलेलं ओतून फीडर गरम पाण्याने घासायचा असतो. भरून ठेवलेला फीडर ओतताना उगाच जीव हळहळतो आणि मग ‘राहू दे आणखी एक दिवस’ होतं. या बेताने एक पिशवी पाचेक महिने पुरते. दुकानातल्या लाल रंगाच्या तयार बाटलीला सहा ते दहा डॉलर पडतात आणि त्या रंगाची गरज शून्य. फीडरवरचा लाल रंग पक्ष्याला पुरतो. आणखी एक, आपल्या घरात गूळ आणि मध हाताशी असतो म्हणून सांगून ठेवतो: दोन्ही नकोत. गुळातलं आणि ब्राऊन शुगरमधलं लोह या पक्ष्यांना बाधतं, मधाच्या पाण्यात बुरशी धरते.

फीडर बशीच्या आकाराचा घ्या, पंधरा ते पंचवीस डॉलर. उलट्या बाटलीचा दिसायला ऐटदार असतो, पण उन्हात आतली हवा प्रसरण पावली की ठिबकतो आणि खाली मुंग्यांची रांग लागते. बशीच्या मधोमध पाण्याची छोटी वाटी असलेला मिळाला तर मुंग्यांचाही बंदोबस्त होतो. टांगताना काचेपासून तीन फुटांच्या आत नाहीतर तीस फूट लांब. मधल्या अंतरावर पक्षी वेगात येऊन काचेवर आपटतात. ऑगस्टनंतर फीडरवर हिरवा प्रार्थनाकीटक बसलेला दिसला तर उचलून बागेच्या दुसऱ्या टोकाला सोडा. तो हमिंगबर्डही पकडतो.

फीडरवर बसलेल्या पक्ष्याचा फोटो मात्र लाल प्लॅस्टिकचाच फोटो होतो. फोटोसाठी फूल हवं. कोरल हनीसकल या देशी वेलाची एक गॅलनची कुंडी पंधरा ते पंचवीस डॉलरला मिळते, बी बाम आणि कार्डिनल फ्लॉवर दहा ते पंधराला. यांचा खरा बहार दुसऱ्या वर्षी, म्हणून पहिल्या वर्षी पाच-सहा डॉलरच्या लाल साल्व्हियाची दोन रोपं जोडीला लावा. ट्रम्पेट व्हाइन कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. पक्ष्यांना आवडतो खरा, पण कुंपण, घराची साइडिंग, शेजाऱ्याचं अंगण, सगळं गिळतो. आणि एचओएचं पत्र यायला उशीर होत नाही. नर्सरीत रोपांवर निओनिकोटिनॉइड कीटकनाशक मारलंय का, हेही विचारून घ्या. फीडरजवळ एक वाळकी काटकी रोवा. नर तिच्यावर बसून राखण करतो आणि पुन्हा पुन्हा तिथेच येतो. फुकटातली सगळ्यात उपयोगी वस्तू हीच.

इथपर्यंतचा खर्च शंभर डॉलरच्या आत. एवढ्यावर फोन वापरून पाहा. वीस डॉलरचा छोटा ट्रायपॉड आणि ब्लूटूथ रिमोट, फीडरपासून दीड-दोन फुटांवर फोन, स्लो मोशन सेकंदाला 240 फ्रेमवर. उन्हाळ्यासाठी भारतातून आलेले आई-बाबा डेकवर चहा घेऊन बसलेले असतील तर रिमोट त्यांच्या हातात द्या. पक्षी कधी येतो हे चार दिवसांत तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त कळेल. ‘आपल्याकडे पण असतो हा’ असं ते म्हणतील. तो शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, आणि शिंजीर बहुतेक वेळा फुलाजवळ बसून मध पितो, त्यामुळे त्याचा फोटो पुण्याच्या बाल्कनीतूनही यातलं काही न घेता निघतो.

आता मोठा खर्च. हमिंगबर्डचे पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात. भर उन्हात 1/3200 शटर ठेवलं तर डोळा आणि अंग स्वच्छ येतं, पंखांची टोकं पुसट राहतात. मला ती पुसट टोकं आवडतात. पण पीस न् पीस मोजता येईल असा पंख हवा असेल तर शटरने भागत नाही, तिथे फ्लॅशच लागतो. फ्लॅशची ताकद 1/32 वर उतरवली की त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, आणि पंख थिजवतो तो हा कमी वेळ. डुपाँट कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी अशाच अतिवेगवान फ्लॅशवर काढलेल्या फोटोंचं ‘हमिंगबर्ड्स’ हे पुस्तक 1960 मध्ये आलं. त्यांना त्यासाठी खास यंत्रणा जुळवावी लागली होती. आज तेच काम गोडॉक्स टीटी600 हा सत्तरेक डॉलरचा फ्लॅश करतो.

असे तीन घ्या: 210. ट्रिगर 60, तीन साधे स्टँड 60, बारा रिचार्जेबल एए सेल आणि चार्जर मिळून आणखी साठेक. म्हणजे चारशेच्या आसपास. दोन फ्लॅश पक्ष्यावर समोरून, थोडे वरून. तिसरा मागे टेकवलेल्या पुठ्ठ्यावर, ज्यावर धूसर हिरव्या झाडीचा प्रिंट चिकटवलाय. पुठ्ठा विसरलात तर मागची बाजू काळीकुट्ट येते. सगळं सावलीत मांडा, शटर 1/200, अ‍ॅपर्चर एफ/11 ते 16, आयएसओ 400 च्या आत. फ्लॅशशिवाय एक फोटो काढून पाहा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे, नाहीतर उजेडाची भुताटकी पंखांवर उमटते. हाय स्पीड सिंक बंद. नराच्या गळ्याचा लाल रंग हा पिसांच्या रचनेतून येतो, प्रकाश योग्य कोनातून पडला नाही तर गळा काळा दिसतो. समोरचा एक फ्लॅश कॅमेऱ्याच्या अगदी लगत आणलात की गळा पेटतो. फीडर तासाभरासाठी काढून त्याच जागी फुलाची फांदी लावा आणि फुलात ड्रॉपरने साखरपाण्याचे थेंब सोडा. पिऊन पक्षी उलटा मागे सरकतो, क्षणभर तरंगतो, पुन्हा पुढे येतो. मागे सरकला की बटण दाबा. फ्लॅशची ही सगळी मांडणी फुला-फीडरपाशीच, घरट्याजवळ नाही. घरटं किंवा अंडी उचलणं तर स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाच्या 1918 च्या कायद्याने गुन्हा आहे.

या मांडणीत तुम्ही पक्ष्यापासून पाच-सहा फुटांवर असता, त्यामुळे दीडशे-दोनशे डॉलरची जुनी 70-300 लेन्स आणि तीन-चारशेचा वापरलेला डीएसएलआर पुरतो. घरात कॅमेरा पडूनच असेल तर तोही खर्च वाचला.

तरीही 150-600 चा मोह सुटत नसेल तर नवीन हजार-बाराशेची लेन्स घेण्याआधी आठवडाभर भाड्याने आणा; साठ ते शंभर डॉलर, वर कुरिअर आणि विमा. आठवडा कोणता, यावर पैसे वसूल होणं ठरतं. लाल गळ्याचे नर हवे असतील तर मे ते जुलै. ऑगस्टमध्ये ते दक्षिणेकडे निघू लागतात. नुसती गर्दी आणि मारामाऱ्या हव्या असतील तर ऑगस्टचा उत्तरार्ध, कारण त्या वर्षीची पिल्लंही फीडरवर येतात. आणि एकाच पक्ष्याचा कंटाळा आलाच, तर लेन्सच्या पैशात अ‍ॅरिझोनाला जाऊन या. पॅटागोनिया गावात पॅटन दांपत्याने आपलं बॅकयार्ड पक्षी पाहणाऱ्यांना खुलं केलं होतं. आता ते टूसॉन बर्ड अलायन्स (पूर्वीची टूसॉन ऑडुबॉन) ही संस्था चालवते. तिथल्या फीडरांवर अनेक जातींचे हमिंगबर्ड येतात.

शेवटचा पक्षी दिसल्यावरही फीडर दोनेक आठवडे ठेवा, उशिरा निघालेल्यांच्या उपयोगी पडतो. फीडर लटकतोय म्हणून कोणी स्थलांतर रद्द करत नाही. फ्लॅश कपाटात टाकण्याआधी त्यातले सेल काढून ठेवा, गळले तर सत्तर डॉलर गेले.