सीडी अडकली? आधी दोष शोधा, मग पैसे काढा



बैठकीला शेळीपालनाची नाहीतर हिशोबाची सीडी दाखवायची ठरते. कुणाच्या तरी घरून प्लेअर येतो, बायका कामं आटोपून वेळेवर बसतात, लाइटही नेमकी असते. आणि पडद्यावर अक्षरं येतात, 'नो डिस्क'. नाहीतर चित्र सुरू होतं आणि दहा मिनिटांनी चौकोन चौकोन दिसून तिथंच थांबतं. मग एकजण प्लेअरला थाप मारते, दुसरी सीडी पदराने पुसते, तिसरी म्हणते, "जाऊ द्या, पोराला बोलवा."

खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. सीडी भरून देणारा दुकानदार म्हणतो, "तुमचा प्लेअर खराब." प्लेअर दुरुस्त करणारा म्हणतो, "सीडीच खराब." दोघांनाही पैसे आपण देतो आणि सीडी काही चालत नाही.

शिलाई मशीनचा टाका सुटायला लागला, तर आपण मशीन उचलून लगेच दुरुस्तीला नेत नाही. आधी दोरा बघतो, मग सुई, मग बॉबिन. एकेक वस्तू बदलून बघितली की दोष आपोआप सापडतो. सीडीचंही तसंच आहे. आजच्या पाठात ही दोष शोधायची पद्धत शिकूया.

विकतची सीडी आणि भरून घेतलेली सीडी

कंपनीची विकतची सीडी कारखान्यात साच्यावर छापलेली असते. आपण दुकानात किंवा घरच्या कॉम्प्युटरवर भरून घेतो ती सीडी वेगळी. तिच्यात रंगाचा एक पातळ थर असतो आणि कॉम्प्युटरमधला लेझर किरण त्या थरावर खुणा करतो. म्हणून तर 'सीडी बर्न केली' म्हणतात. उलटी करून बघा. विकतची सीडी खालून स्वच्छ चांदीसारखी दिसते. भरलेली सीडी हिरवट, निळसर किंवा फिकट सोनेरी दिसते आणि भरलेली डीव्हीडी बहुतेक वेळा जांभळट दिसते.

विकतची सीडी म्हणजे छापील पुस्तक आणि भरलेली सीडी म्हणजे पेन्सिलीने लिहिलेली वही, असं समजा. नजर चांगली असेल तर दोन्ही वाचता येतात. नजर कमी झाली की आधी वही वाचता येईनाशी होते. भरलेल्या सीडीवरून उजेड कमी परततो. त्यामुळे जुना किंवा धुळीने भरलेला प्लेअर सिनेमाची विकतची सीडी चालवतो आणि आपल्या बैठकीची सीडी मात्र नाकारतो. "सिनेमा चालतो, म्हणजे प्लेअर ठीक आहे" असं लगेच धरून चालू नका.

भरलेली सीडी उजेडात तिरकी धरली, तर खालच्या बाजूला दोन छटा दिसतात. आतल्या बाजूचा भरलेला भाग वेगळा आणि बाहेरचा रिकामा भाग वेगळा. सगळीकडे एकच छटा असेल, तर एकतर सीडी काठापर्यंत भरलेली आहे, नाहीतर कोरीच हातात आली आहे. असंही होतं!

आधी या तीन साध्या गोष्टी

१. प्लेअर कोणता आहे? सीडी आणि डीव्हीडी दोन्ही १२ सेंटीमीटरच्याच, दिसायला बहिणी-बहिणी. पण जुन्या व्हीसीडी प्लेअरमध्ये डीव्हीडी कधीच चालत नाही, कितीही पुसली तरी. डीव्हीडी प्लेअरमध्ये मात्र बहुतेक वेळा दोन्ही चालतात. सीडीवर आणि प्लेअरवर काय छापलंय ते वाचा.

२. वायरी बघा. पिवळी वायर चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. आवाज येतो पण चित्र नाही, तर पिवळी वायर तपासा. चित्र आहे पण आवाज नाही, तर लाल-पांढरी. टीव्ही 'एव्ही'वर लावलाय ना, तेही बघा.

३. चित्र काळं-पांढरं येतंय किंवा वर-खाली पळतंय? त्यात बहुधा सीडीचा दोष नसतो. पिवळी वायर चुकीच्या भोकात असेल, नाहीतर प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'एनटीएससी' लागलं असेल. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत 'पाल' आहे. सेटिंग 'पाल' किंवा 'ऑटो' करा.

अदलाबदल करून बघा

आता मुख्य काम. यासाठी दोन प्लेअर, नीट चालणारी दुसरी एक भरलेली सीडी आणि जमलं तर एक कॉम्प्युटर लागतो. शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडे कॉम्प्युटर मिळतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. सीडी आणि प्लेअर दोन्ही एकदम बदलले, तर काहीच कळणार नाही.

- आपल्या प्लेअरमध्ये कुठलीच सीडी चालत नाही: दोष प्लेअरमध्ये.
- आपल्या प्लेअरमध्ये विकतच्या चालतात, भरलेल्या एकही नाही. पण त्याच भरलेल्या सीड्या दुसरीकडे चालतात: आपल्या प्लेअरची नजर कमी झाली आहे किंवा लेन्सवर धूळ आहे.
- आपल्याकडे बाकीच्या भरलेल्या सीड्या चालतात, ही एकच नाही. ही कॉम्प्युटरवर मात्र नीट चालते: भरण्याची पद्धत चुकली आहे. दुकानदाराकडे परत न्या.
- ही सीडी कुठेच चालत नाही, कॉम्प्युटरवरही नाही: सीडी खराब आहे किंवा भरणं अर्धवट राहिलं आहे. हीही दुकानदाराकडे.

या चार ओळी वहीत उतरवून घ्या. "ही सीडी तीन ठिकाणी लावून बघितली, बाकीच्या सीड्या त्या तिन्ही ठिकाणी चालतात," असं सांगणाऱ्या बाईला "प्लेअर खराब" म्हणून वाटेला लावता येत नाही.

भरताना काय चुकतं?

पहिली चूक: व्हिडिओ सीडी न बनवता नुसती फाइल टाकून देणं. सुटकेसमध्ये कपडे कोंबावे तशी व्हिडिओची फाइल सीडीवर टाकली, तर ती 'डेटा सीडी' होते. कॉम्प्युटर ती उघडतो, पण साध्या प्लेअरला ती कळेलच असं नाही. प्लेअरला ठरलेली मांडणी लागते. नीट बनवलेली डीव्हीडी कॉम्प्युटरवर उघडली की आत 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर दिसतो. व्हीसीडीत 'एमपीईजी एव्ही' नावाचा फोल्डर असतो. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तसाच टाकला, तर हीच अडचण येते.

दुसरी चूक: सीडी बंद न करणं. भरून झाल्यावर शेवटी 'फायनलाइज' करावं लागतं. आपण बैठकीचा इतिवृत्तांत लिहून खाली सह्या घेतो ना, तसंच. सह्या नसतील तर ठराव पूर्ण होत नाही आणि फायनलाइज नसेल तर बरेच प्लेअर ती चकती ओळखत नाहीत. ज्या कॅमेऱ्यात छोट्या डीव्हीडीवर थेट शूटिंग होतं, तिथं हे फार वेळा राहून जातं. चांगली गोष्ट अशी की ते नंतरही करता येतं. त्याच कॅमेऱ्यात घालून करून घ्यायचं.

तिसरी चूक: घाई. गिऱ्हाइकांची रांग असली की दुकानदार सगळ्यात जास्त वेगाने सीडी भरतो. स्वस्त चकतीवर भरधाव वेगात केलेल्या खुणा कच्च्या राहतात. मधल्या किंवा कमी वेगाने भरा, असं सांगा. थोडी मिनिटं जास्त लागतील.

चौथी चूक: जास्त कोंबणं. साध्या सीडीत ७०० एमबी मावतं, म्हणजे व्हीसीडीचं सुमारे ८० मिनिटांचं चित्रण. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, म्हणजे चांगल्या दर्जाचं साधारण दोन तासांचं. चार तासांचा कार्यक्रम एकाच डीव्हीडीत बसवला, तर चित्र पुसट होणारच. त्यापेक्षा दोन डीव्हीडी करा.

आणखी एक. पुन्हा पुन्हा पुसून भरता येते ती 'आरडब्ल्यू' चकती जुने प्लेअर सहसा वाचत नाहीत, कारण तिच्यावरून उजेड आणखी कमी परततो. प्लेअरसाठी साधी 'आर' चकती मागा. डीव्हीडी असेल आणि प्लेअर जुना असेल, तर 'डीव्हीडी मायनस आर' मागा.

नेमकी कुठे अडकते?

सीडी ग्रामोफोनच्या तबकडीसारखी बाहेरून आत चालत नाही. ती आतून, मधल्या भोकाकडून बाहेरच्या काठाकडे वाचली जाते. हे लक्षात ठेवलं तर बरंच कळतं.

दर वेळी त्याच जागी अडकते: तिथे ओरखडा, डाग किंवा कच्चं भरणं आहे. शेवटी शेवटी अडकते: काठाकडचा भाग बघा, बोटांचे ठसे तिथेच जास्त असतात. दर वेळी वेगळ्या जागी अडकते: सीडीपेक्षा प्लेअरचा संशय घ्या. लेन्सवर धूळ असेल, प्लेअर तापला असेल किंवा व्होल्टेज कमी-जास्त होत असेल.

पुसायचं कसं?

पदराने गोल गोल पुसू नका. पदरावर दिवसभराची माती असते आणि गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवरच पडतो. मऊ, स्वच्छ, धुतलेलं सुती कापड घ्या. मधल्या भोकापासून काठाकडे सरळ रेषेत हळू पुसा. तेलकट डाग असेल तर कापड पाण्यात थोडं ओलं करा आणि मग कोरड्याने टिपा. रॉकेल, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं औषध अजिबात लावू नका, चकती कायमची खराब होते.

वरच्या बाजूची काळजी तर जास्त घ्या. सीडीतला माहितीचा थर वरच्या नाव लिहायच्या बाजूला अगदी लागून असतो. खालचा बारीक ओरखडा कधी कधी चालून जातो, पण वरचा थर निघाला की तेवढी माहिती गेलीच. म्हणून बॉलपेनने नाव लिहू नका, मऊ टोकाच्या मार्करने लिहा. कागदी स्टिकर चिकटवू नका. एका बाजूला वजन येऊन चकती फिरताना थरथरते, आणि स्टिकर सुटला तर प्लेअरमध्ये अडकतो. उन्हात किंवा खिडकीत ठेवू नका, उन्हाने रंगाचा थर उडतो.

प्लेअर चुलीच्या धुरापासून लांब आणि झाकून ठेवा. चालू असताना मात्र झाकण काढा, नाहीतर तापेल. लेन्ससाठी बारीक ब्रश असलेली 'लेन्स क्लीनर' सीडी बाजारात मिळते, ती लावून बघा. त्यानेही जमलं नाही तर दुरुस्तीला द्या. प्लेअर घरी उघडू नका. आत करंट असतो आणि लेझर डोळ्यांना घातक असतो.

एकच प्रत असेल तर आजच दुसरी करा

या पाठातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. प्रशिक्षणाची सीडी गेली तर दुसरी मागवता येते. पण आपल्या गटाच्या पहिल्या वार्षिक सभेचं चित्रण, लेकीच्या लग्नाची सीडी, गटातल्या थोरल्या आजींनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या कुठून मागवणार? त्या आजी आज नसतील तर ती एक चकती म्हणजेच त्यांचा आवाज. भरलेली सीडी कायम टिकत नाही. रंगाचा थर हळूहळू फिका होतो आणि एक दिवस 'नो डिस्क' येतं.

म्हणून अशी सीडी थोडीशी अडकायला लागली, की ती पुन्हा पुन्हा प्लेअरमध्ये लावून बघू नका आणि टूथपेस्ट घासण्याचे प्रयोगही करू नका. सरळ कॉम्प्युटरवर न्या. प्लेअरला न वाचता येणारी चकती कॉम्प्युटर बऱ्याचदा वाचतो. आधी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, तिथे शेवटपर्यंत चालवून बघा, मगच नवीन चकतीवर भरा. एक प्रत पेन ड्राइव्हवरही ठेवा. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा आणि मूळ प्रत बघायला वापरू नका.

दुकानात पैसे देण्याआधी म्हणायच्या पाच गोष्टी

१. प्लेअरवर चालणारी व्हिडिओ सीडी किंवा डीव्हीडी करा, डेटा नको.
२. कमी वेगाने भरा.
३. फायनलाइज करा.
४. नाव आणि तारीख मार्करने लिहा.
५. प्लेअरवर सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणी चालवून दाखवा.

पाचवी गोष्ट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुढच्या बैठकीत करून बघा

प्रत्येकीने घरातली न चालणारी एक सीडी घेऊन यावी. दोन प्लेअर जमवा. वहीत चार रकाने आखा: सीडीचं नाव, पहिल्या प्लेअरमध्ये काय झालं, दुसऱ्यात काय झालं, दोष कुणाचा. वायरी जोडण्याचं आणि सीडी लावण्याचं काम आजवर ज्यांनी कधी केलं नाही, त्या दोघींना द्या, बाकीच्यांनी फक्त सांगायचं. ज्या सीडीची एकच प्रत आहे तिच्यासमोर खूण करा. ती या बैठकीत प्लेअरला लावायची नाही, थेट प्रत करायला पाठवायची. कुणी आणि कोणत्या बाजाराच्या दिवशी न्यायची, ते त्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तांतात लिहा.