जुन्या फरशीवर नवी टाइल नको

चि. मनूस,


कोथरूडच्या फ्लॅटचे फोटो आणि कंत्राटदाराचं एस्टिमेट, दोन्ही नीट पाहिलं. घर चांगलं घेतलंत. हॉलला पूर्वेची खिडकी आहे, छत उंच आहे आणि मोझॅकची फरशी जवळजवळ अखंड आहे. एस्टिमेटमध्ये मात्र या सगळ्यावर झाकण घातलंय: फरशीवर व्हिट्रिफाइड टाइल, छताला पीओपीचं फॉल्स सीलिंग, भिंतीला वॉलपेपर. बँकेचा हप्ता तुम्हाला आत्ताच सुरू झालाय, म्हणून स्पष्ट लिहितो. जे मुळात चांगलं आहे ते झाकण्यात पैसे घालू नका. पैसे लागतील ते ओल थांबवायला आणि पाण्याजवळच्या कामाला.

तुमच्या हॉलमधली लादी म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराची खडी घालून, दाबून, घासून केलेली वस्तू. आपल्याकडे सिमेंटच्या लाद्यांना मोठी परंपरा आहे; मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज 1922 सालची, स्वदेशीच्या काळातली. हल्ली याच फरशीला टेराझो म्हणतात आणि शोरूममध्ये ती महाग मिळते. तुमच्याकडे ती आयती आहे, फक्त मळलेली आहे. वरचा खडीचा थर चांगला जाड असतो, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा घासता येते.

पॉलिशवाल्याला बोलाव आणि काम कसं होतं ते उभी राहून बघ. मशीनला आधी भरड दगड लावतात आणि पाणी सोडत फरशी घासतात. वरचा काळपट थर निघाला की बारीक भोकं आणि टवके दिसायला लागतात. ते पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग कालवून भरायचे आणि वाळायला पुरता वेळ द्यायचा. इथे घाई करणारे फार. एकाच दिवसात सगळं उरकतो म्हणाला तर त्याला काम देऊ नकोस. मग बारीक, आणखी बारीक दगड, आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडर. कडा आणि कोपरे हातमशीनने होतात, ते तो टाळेल, तू करून घे. घासताना जो राखाडी चिखल निघतो तो बाथरूमच्या जाळीत जाऊ देऊ नकोस. सिमेंटच आहे ते, पाइपात बसलं की दगड होतं. जाळ्या आधी कापडाने बंद कर आणि चिखल बादलीत भरून काढायला लाव.

दाराजवळच्या तीन-चार लाद्या फुटलेल्या दिसतात. बेडरूममध्ये जिथे कपाट येणार आहे तिथल्या सांभाळून काढून दारात बसव आणि कपाटाखाली साधी लादी टाक.

टाइलवर टाइल टाकली की फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते. मग प्रत्येक दार खालून तासावं लागतं, बाथरूमच्या उंबऱ्याशी उतार बिघडतो. आणि जुनी काढून नवी टाकायची म्हटलं तर तिसऱ्या मजल्यावरून राडारोडा उतरवण्याची मजुरीच टाइलच्या किमतीला भिडते. स्वयंपाकघरात मात्र सिंकखालची फरशी पार खाल्ली गेलीय, तिथे नवी टाइल घे. सात बाय आठ म्हणजे 56 चौरस फूट. दोन बाय दोनच्या चौदा टाइल्स, तुटफुटीच्या दोन धरून सोळा. खोक्यात चार येतात, म्हणजे चार खोकी. सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेडचा नंबर एकच आहे ना, हे दुकानातच तपास. आणि टाइल खडबडीत घे. चकचकीत टाइलवर ओल्या पायाने घसरायला होतं.

आता भिंती. बेडरूमच्या ज्या भिंतीला पोपडे आलेत तिथे वॉलपेपर लावायचं ठरवलंय, हे वाचून काळजी वाटली. पोपड्यांच्या कडेला पांढरी भुकटी दिसते ना, ते भिंतीतल्या पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार आहेत. त्या भिंतीमागे बाथरूम आहे. वॉलपेपर पहिल्या पावसाळ्यात सुटेल, पण तोवर आत बुरशी धरलेली असेल. खात्री करायची तर हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेव. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतला दमटपणा. भिंतीतून असेल तर आधी बाथरूमचा पाइप आणि वॉटरप्रूफिंग. वॉलपेपरचे आणि फॉल्स सीलिंगचे पैसे तिकडे वळव. भिंत पूर्ण सुकल्याशिवाय पुट्टीचा हातही लावू देऊ नकोस.

बाकीच्या भिंती धड आहेत. जुना रंग पक्का असेल तर सगळीकडे नव्याने पुट्टी कशाला? घासून, भेगा भरून, प्रायमर आणि दोन हात पुरतात. हॉल आणि स्वयंपाकघराला धुता येणारं इमल्शन लाव, छताला साधं डिस्टेंपर चालेल. रंग कार्डावर बघून ठरवू नकोस. लहान डबा आणून दोन भिंतींवर हातभर पट्टा मार आणि सकाळी, दुपारी, रात्री दिव्यात बघ. मोझॅकमध्ये जी पिवळसर खडी आहे तिच्या जवळचा फिका रंग त्या घरात शोभेल असं मला वाटतं.

फर्निचरचं थोडक्यात. प्लायवूडवर आयएसआयचा शिक्का बघ: कोरड्या जागी 303 नंबरचं चालतं, सिंकखाली 710चंच हवं. पार्टिकल बोर्ड पाण्याजवळ नको, फुगतो. आजीचं सागवानी कपाट गावी पडून आहे, ते मी टेम्पोने पाठवतो. पॉलिश केलंस की भिंतभर वॉर्डरोबची गरज उरणार नाही. पडद्याला सुती कापड घे, खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट, आणि शिवायच्या आधी धुऊन घे, नाहीतर पहिल्या धुण्यात आखूड होतं. दिवाणावर सोलापुरी चादर घाल. तिच्याइतकं टिकणारं आणि धुण्याला सोसणारं दुसरं काही या किमतीत मिळत नाही.

कामाचा क्रम बदलू देऊ नकोस: आधी प्लंबिंग आणि वायरिंग, मग स्वयंपाकघराची टाइल, मग पुट्टी-प्रायमर आणि रंगाचा पहिला हात, मग फरशीचं पॉलिश. शेवटचा हात पॉलिशनंतर, कारण मशीनचे शिंतोडे भिंतीच्या तळाला उडतातच. पॉलिश झालेल्या फरशीवर रंगाऱ्याने जाड कापड अंथरल्याशिवाय घोडा मांडू नये.

जावईबापूंना हे पत्र दाखव. कंत्राटदाराकडून एस्टिमेट पुन्हा लिहून घ्या, प्रत्येक कामाचा दर वेगळा, आणि ॲडव्हान्स देण्याआधी तो कागद मला पाठवा.

तुझा,
मामा