अधिक-उणे ५७८ ग्रॅम

संख्याशास्त्राच्या तासाला प्रमाण विचलन शिकवू लागले की दरवर्षी मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, याचा प्रत्यक्षात उपयोग काय?" वर्गात या प्रश्नाचे धड उत्तर मी कधी दिले नाही. ते आज येथे देत आहे. विषय काहींना घरगुती वाटेल. पण संपादक मंडळाने अभ्यासपूर्ण लेख मागितला आहे, आणि या विषयाइतका जीव मुठीत धरून मी दुसऱ्या कशाचाच अभ्यास केलेला नाही.

सन २०१६ चा जुलै महिना. बेळगावचा पाऊस नेहमीसारखा, चार-चार दिवस न उघडणारा. मला अडतिसावा आठवडा चालू होता, पहिलीच खेप. सोनोग्राफीचा रिपोर्ट आला. बाळाचे अंदाजे वजन ३८५० ग्रॅम. डॉक्टरीणबाईंनी तेथेच हिशेब केला, "तारखेपर्यंत सव्वाचार किलो होईल. तुमचा बांधा नाजूक. उगाच धोका कशाला? येत्या गुरुवारी सिझेरियन करून टाकू." बाहेर आले तो आयाबाई कौतुकाने म्हणाली, "कूसु दोड्डदैत्री, अक्का!" आणि घरी पोहोचेपर्यंत ही वार्ता शहापूरपासून अनगोळपर्यंतच्या सर्व नातेवाइकांत पसरली होती.

सासूबाईंनी त्याच रात्री माझ्या ताटातला भात अर्धा केला. "आता जरा हात आखडता घे ग. बाळ पोटात माईना झालंय." त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. ही समजूत आपल्या मुलखात जुनी आहे. मार्क आणि मिमी निक्टर या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याने कर्नाटकाच्या दक्षिण कन्नड भागातील गर्भवतींच्या खाण्यापिण्यावर १९८३ मध्ये लेख प्रसिद्ध केला, त्यातही हेच आहे. पोटात अन्न आणि बाळ यांना जागा एकच, म्हणून जास्त जेवले तर बाळाला अडचण. आणि बाळ लहान असले तर सुटका सोपी. ज्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वजनाची नोंद असलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे अडीच किलोपेक्षा कमी भरली, त्या देशात ही समजूत किती महागात पडत असेल याचा विचार करावा. मी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच पानात भात वाढून घेतला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

रात्री झोप येईना म्हणून रिपोर्ट पुन्हा वाचला. ३८५० या ठळक आकड्यापुढे बारीक अक्षरांत छापले होते, अधिक-उणे ५७८ ग्रॅम. म्हणजे पंधरा टक्के. वीस वर्षांच्या पोरांना ज्याच्यासाठी मी उभी करून प्रश्न विचारते, ते चिन्ह माझ्याच पोटावर छापलेले, आणि मी ते दिवसभर पाहिलेच नव्हते! डॉक्टरीणबाईंनीही ते वाचून दाखविले नव्हते.

हे वजन येते कोठून? कोणी बाळ तराजूत घालीत नाही. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी अशी मापे पडद्यावर घेतात व ती एका लॉगॅरिदमच्या सूत्रात घालतात. अमेरिकेतील हॅडलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दिलेली सूत्रे आजही बहुतेक यंत्रांत असतात. त्यांचे प्रमाण विचलन सुमारे साडेसात टक्के. दोन प्रमाण विचलने घेतली की पंधरा टक्के, आणि शंभरांतील सुमारे पंचाण्णव बाळे त्या पट्ट्यात बसावीत. माझा पट्टा होता ३२७२ ते ४४२८. खालच्या टोकाला काळजीचे कारण नव्हते, वरच्या टोकाला होते. आणि दोन्ही टोके त्याच एका कागदावर होती. शिवाय चूक टक्क्यांत असल्यामुळे बाळ जितके वजनदार तितकी ग्रॅममधली चूक मोठी. नेमके जेथे अचूकपणा हवा तेथेच तो कमी.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. समजा (हे आकडे केवळ फळ्यावरच्या उदाहरणासाठी) एक हजार गर्भवतींपैकी तीस जणींची बाळे खरोखर चार किलोंवर आहेत. सोनोग्राफी त्यांतील अठरा ओळखते. उरलेल्या ९७० पैकी दहा टक्के, म्हणजे ९७ जणींना ती चुकून 'मोठे' म्हणते. आता 'मोठे' असे ऐकलेल्या बायका झाल्या ११५, आणि त्यांत खऱ्या अठरा. सहांत एक! यंत्र फारसे वाईट नसतानाही असे होते, कारण मुळात मोठी बाळे थोडी. बेजचे प्रमेय तेच सांगते. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मातांच्या एका पाहणीत जवळजवळ एकतृतीयांश मातांना शेवटी 'बाळ फार मोठे असावे' असे सांगण्यात आले होते. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन निघाले ७ पौंड १३ औंस, म्हणजे साधारण साडेतीन किलो.

तर मग भीती खोटीच का? नाही, आणि येथे विद्यार्थिनींनी घाई करू नये. मोठ्या बाळाचे डोके बाहेर येऊन खांदा आईच्या जघनास्थीमागे अडकू शकतो. हाताच्या नसांना इजा होते, क्वचित त्याहून वाईट. आईला जखमा होतात, रक्तस्राव जास्त होण्याचा संभव वाढतो. मात्र खांदा अडकण्याच्या घटनांपैकी निम्म्याच्या आसपास चार किलोंच्या आतल्या बाळांतच होतात. म्हणून केवळ वजनावरून त्या आधी ओळखता येत नाहीत. अडकलाच तर पहिला उपाय कोणतेही यंत्र मागत नाही: दोघींनी आईच्या मांड्या पोटाकडे घट्ट दाबून धरायच्या आणि एकीने ओटीपोटावरून खांदा दाबायचा. पुष्कळदा एवढ्याने सुटतो. तेव्हा प्रसूतिगृहात हे करणारे सरावाचे हात आहेत का, हा प्रश्न ३८५० की ३५५० यापेक्षा मोलाचा.

आणि साखर. जॉर्गन पेडरसन या डॅनिश वैद्यांनी मांडले ते असे की, आईच्या रक्तातील जादा साखर बाळाकडे जाते, बाळ स्वतःचे इन्सुलिन जास्त बनविते आणि चरबी धरते. अशा बाळाचे खांदे डोक्याच्या मानाने रुंद होतात. आपण तर याबाबतीत विशेष सावध असावे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळे सरासरी २·७ किलो, तिकडची ३·५. पण आपल्या बाळांत स्नायू कमी असूनही चरबी त्या मानाने टिकून होती. हाडकुळे तरी चरबीयुक्त. मोठे-लहान हे नुसत्या किलोवर ठरत नाही ते असे.

मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. (पहिल्या बाईंना हे आवडले नाही. असो.) त्यांनी प्रथम ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासले. १४० च्या आत आले. मग ते म्हणाले, "मधुमेह नसेल तर अंदाज पाच किलोंचा आल्याशिवाय केवळ वजनासाठी सिझेरियनचा विचार करीत नाहीत, मधुमेह असेल तर साडेचार." अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ संघटनेची मर्यादा हीच आहे. घरी येऊन मी १९९६ चा एक शोधनिबंध मिळविला. त्यातील गणितानुसार, मधुमेह नसलेल्या स्त्रियांत साडेचार किलोंची मर्यादा धरली, तर एका बाळाच्या हाताची कायमची इजा टाळण्यासाठी ३६९५ सिझेरियन करावी लागतील. मधुमेही स्त्रियांत हाच आकडा ४४३. मी हे यजमानांना वाचून दाखविले. ते इतिहासाचे प्राध्यापक, म्हणाले, "पण ते एक बाळ आपलं असलं तर?" याला संख्याशास्त्रात उत्तर नाही. त्या रात्री आम्ही दोघेही जागे होतो.

आधीच कळा आणवाव्यात का, हाही प्रश्न होता. २०१५ मध्ये फ्रान्स, स्वित्झर्लंड व बेल्जियममधील ८२२ स्त्रियांच्या प्रयोगात त्याचा फायदा दिसला होता. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील २८९३ स्त्रियांच्या प्रयोगात खांदा अडकण्याचे प्रमाण आधी कळा आणलेल्यांत २·३ टक्के व इतरांत ३·१ टक्के आले. हा फरक निश्चित म्हणण्याजोगा ठरला नाही. ज्यांनी ठरल्याप्रमाणेच केले तेवढ्यांची मोजणी घेतली तर मात्र फरक दिसला. वाद मिटलेला नाही. माझ्या वेळी आम्ही थांबायचे ठरविले; मात्र शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच, आणि कळा पुढे सरकेनात तर सिझेरियनला हरकत घ्यायची नाही, असा शब्द मी डॉक्टरांना दिला.

बारा दिवसांनी, एकोणचाळीस आठवडे उलटल्यावर, मुलगी झाली. सोळा तास लागले, टाके पडले, खांदा अडकला नाही. वजन ३६८० ग्रॅम. त्या बारा दिवसांतली वाढ वजा केली तर सोनोग्राफीच्या दिवशी ती साधारण ३३०० ची असावी. म्हणजे यंत्राने पाचशेहून अधिक ग्रॅम जास्त सांगितले होते. तरीही त्या आठवड्यात त्या वॉर्डातले सर्वांत वजनदार बाळ माझेच! सासूबाईंनी येणाऱ्याजाणाऱ्याला ते अभिमानाने सांगितले.

शेजारच्या खाटेवर खानापूरकडची एक बाई होती. तिच्या रिपोर्टात २९०० होते, बाळ निघाले ३५५०. तिला कोणी घाबरविले नव्हते. मी तिचा रिपोर्ट मागून घेतला आणि अधिक-उण्याचा आकडा शोधला. तिच्या कागदावर तो छापलाच नव्हता.