बुटाखाली निम्मं रान

प्रश्न : मी दौंड तालुक्यात राहतो. राज्य राखीव पोलीस बलाच्या भरतीची तयारी करतोय, त्यामुळे रोज पहाटे कालव्याच्या कडेने आणि रानातल्या वाटांनी पळतो. जूनमध्ये ‘ट्रेल रनिंग’चे म्हणून खोल ग्रिपचे, वॉटरप्रूफ बूट घेतले. चांगले महागातले होते. आता चिखलात ते मणभर जड होतात, डांबरीवर घसरल्यासारखे वाटतात आणि एकदा आत पाणी गेलं की दुसऱ्या दिवशीही ओलेच असतात. शिरूरचे मामा म्हणतात, ‘आम्ही टायरच्या चपलेवर जन्म काढला.’ ट्रेलचे बूट म्हणजे नुसता धंदा आहे का? नसेल, तर आमच्याकडच्या जमिनीला कोणते घ्यावेत?
– एक वाचक, दौंड

उत्तर : धंदा नाही, पण तुमच्या पायात पडलेत ते दुसऱ्या मुलखाचे बूट. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ तेवढंच आहे.

‘ट्रेल’ म्हणजे डांबर किंवा सिमेंट नसलेली कुठलीही वाट. त्यात सिंहगडाचा चढ आला, लोणावळ्याचं ओलं गवत आलं आणि तुमची पाणंदही आली. दुकानात मात्र या सगळ्यांसाठी एकच फळी असते आणि तिच्यावर धुक्यातल्या डोंगराचं चित्र असतं. आता आपलाच जिल्हा बघा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर दौंड-शिरूरकडे तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. तिकडे उतार, झरे आणि सतत ओली माती. इकडे सपाट रान, मुरूम, काटे, आठ महिने फुफाटा आणि उरलेल्या दिवसांत काळी माती. गिऱ्हाइकाने ‘पावसाळ्यासाठी द्या’ म्हटलं की दुकानदार तिकडचा पावसाळा डोळ्यांपुढे आणतो.

आधी काळ्या मातीचं बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेलं की ती आकसते, म्हणून मे महिन्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मातीत पाणी भरपूर असेल तर तिचा राडा होतो. पाय घसरतो, पण बूट त्यातून सुटून येतो. माती अगदी कोरडी असेल तर प्रश्नच नाही. मधल्या अवस्थेत, म्हणजे पाऊस उघडून एखादा दिवस गेला की, ती कणकेसारखी होते आणि रबराला धरून बसते. म्हणजे ‘आज पाऊस नाही, चला रानातून’ असं म्हणून आपण बाहेर पडतो, तो नेमका सगळ्यात वाईट दिवस असतो.

मग खोल दात्यांचा उपयोग काय? असतो, पण दाते किती खोल आहेत यापेक्षा ते किती विरळ आहेत हे महत्त्वाचं. ट्रॅक्टरचं मागचं चाक जवळून बघा. त्याचे दाते तिरपे, एकमेकांपासून लांब आणि कडेला उघडे असतात. चाक फिरताना मधली माती कडेने बाहेर ढकलली जाते. चिखलाचे खरे बूट याच तत्त्वावर बनतात : सहा ते आठ मिलिमीटरचे दाते आणि मधे मोकळी जागा. दाते खोल पण दाटीने बसवलेले असतील तर मधल्या फटी पहिल्या शंभर पावलांत बुजतात. त्यानंतर बुटाची माती खालच्या मातीला चिकटते, तिला आणखी माती चिकटते आणि आपण एका गोल, गुळगुळीत ढेकळावर पळू लागतो. पाय जड होणं ही त्यातली लहान अडचण. टाच एका बाजूला उचलली जाऊन घोटा मुरगळतो, ती मोठी.

आणि स्पष्टच सांगायचं तर कणकेसारख्या काळ्या मातीत विरळ दात्यांचा बूटही फार वेळ तग धरत नाही. पाच मिनिटं उशिरा, पण तोही हरतो. इथे इलाज बुटात नाही, वाट निवडण्यात आहे. रानात पाऊल टाकण्याआधी शेतकरी वाफसा आला का ते बघतो. तोच नियम पळणाऱ्यालाही लागू आहे. मूठभर माती दाबून बघा. हाताला चिकटून लगदा राहिला तर रान नको. गोळा होऊन टिचकीने फुटला तर खुशाल पळा. वाफसा नसेल त्या दिवशी कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता धरावा. नव्या मुठा उजव्या कालव्याची वाट तुमच्या तालुक्यातून पुढे इंदापूरकडे जाते, आणि मामांकडे चासकमानचा किंवा घोडचा कालवा असेलच. मुरमात चिकणमातीचा अंश कमी आणि खडे जास्त, त्यामुळे पाणी झिरपून जातं आणि पाऊस थांबल्यावर तासाभरात पाय टाकता येतो. कडेला शेवाळ धरलेलं असेल तिथे मात्र आतल्या बाजूने पळा. कालव्यात पडलेल्याला वर यायला उतार फार अवघड असतो.

मुरूम आणि डांबरी यांची सरमिसळ, हीच तुमची रोजची वाट. तिला साधारण तीन ते चार मिलिमीटरचे, रुंद माथ्याचे दाते पुरतात. डांबरीवर तुम्हाला घसरल्यासारखं वाटतं त्यात भ्रम नाही. उंच, अरुंद दाते कठीण जमिनीत रुततच नाहीत, त्यामुळे सगळा भार त्यांच्या टोकांवर येतो. जमिनीला टेकणारं रबर कमी पडतं आणि दाते वाकतात. शिवाय चिखल-खडकाच्या बुटांचं रबर मऊ असतं. रोज तीन-चार किलोमीटर डांबरी तुडवली तर काही महिन्यांत त्यांची टोकं गोल होतात. घरापासून वाटेपर्यंत डांबरीच असेल तर ‘रोड-टू-ट्रेल’ लिहिलेला प्रकार मागा.

आता काटे. पुस्तकात किंवा परदेशी जाहिरातीत हे प्रकरण सापडत नाही, पण भीमेच्या आणि घोडच्या काठाने पळणाऱ्याला बाभूळ आणि वेडी बाभूळ चुकत नाही. दोन दात्यांच्या मधला सोल सगळ्यात पातळ असतो आणि काटा बरोबर तिथूनच वर येतो. त्याच्यावर मऊ फोम, म्हणजे काट्याला मोकळं रान. काही ट्रेल बुटांत पंजाखाली सोल आणि फोम यांच्या मधे कडक प्लास्टिकची पातळ पट्टी असते. तिला ‘रॉक प्लेट’ म्हणतात. ती बनवली दगडांसाठी, पण इकडे तिची खरी कमाई काट्यांपुढे होते. दुकानात बूट हातात घेऊन पंजाकडचा भाग अंगठ्याने खालून जोरात दाबा. बोट आत रुतत असेल तर पट्टी नाही. ही पट्टी टाचेखाली बहुधा नसते हेही ध्यानात ठेवा. सोलमध्ये मोडून राहिलेला काटा पहिल्या दिवशी टोचत नाही. रोजच्या दाबाने फोम बसत जातो आणि आठवड्याभराने तो अचानक पायाला भेटतो. म्हणून बूट धुताना सोलवरून नख फिरवावं, डोळ्यांना काटा दिसत नाही.

ऊसतोडणीच्या हंगामात आणखी एक भर पडते. भरलेल्या ट्रॉल्यांनी पाणंदीत खोल चाकोऱ्या पडतात आणि त्या वाळून दगडासारख्या होतात. सध्या जाड, उशीसारख्या सोलची चलती आहे. लांबच्या डांबरी पल्ल्याला तो सुखाचा असतो, पण चाकोरीच्या काठावर पाऊल तिरकं पडलं तर पाय जेवढा उंचावर, तेवढा घोटा जोरात मुरगळतो. पाणंदीला जमिनीलगतचा, रुंद बुडाचा बूट बरा.

वॉटरप्रूफविषयीचा गैरसमज तर घरोघरी आहे. त्या बुटाच्या कापडात एक पातळ पडदा असतो. तो बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही हे खरं. पण बुटाला वरून पाय घालायचं भोक असतंच! ओढा ओलांडला, ओल्या गवतातून गेलात किंवा पिंडरीवरून पाणी ओघळलं की ते तिथून आत जातं, आणि मग तोच पडदा त्याला बाहेर जाऊ देत नाही. साध्या जाळीच्या बुटातलं पाणी दहा-वीस पावलांत पिचकारून निघून जातं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हाच पडदा घामही कोंडतो. पडद्याचे बूट बर्फाच्या आणि गार, रिमझिम पावसाच्या मुलखात कामाचे. आपल्याकडे जाळीचेच घ्या, फक्त जाळी बारीक विणीची असू द्या. मोठ्या भोकांतून फुफाटा आत जातो, आणि पावसाळा सरल्यावर कुसळी गवताची कुसळं जाळी भेदून मोज्यात घर करतात.

मामांकडे गेल्यावर टाकळी हाजीजवळ कुकडीतले रांजणखळगे बघायला जाल, तर एक सूचना. तिथला खडक पाण्याने घासून गुळगुळीत झालेला आहे. ओल्या खडकावर मऊ रबर आणि त्याचा जास्तीत जास्त स्पर्श कामाला येतो, खोल दाते नाही. शेवाळावर मात्र कुठलंच रबर टिकत नाही, कंपनीने काहीही छापलेलं असो. तिथे पळू नये, चालावं.

राहिले मामा. टायरच्या चपलेला हसू नका. दातेरी रबरी सोलचा जनक मानला जाणारा इटलीचा गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी याने १९३५ साली आल्प्समध्ये सहा साथीदार गमावले. त्यांच्या पायातले बूट त्या हवेला आणि खडकाला अपुरे होते. मग त्याने १९३७ साली रबरी सोल बाजारात आणला, आणि त्याला हात दिला तो पिरेली या टायर कंपनीने. म्हणजे मामांची चप्पल आणि तुमचा महागडा बूट लांबचे का होईना, भाऊबंद आहेत. टायरचं रबर काट्याला दाद देत नाही, म्हणून आजही रानात ती चप्पल चालते. तिच्यात टाच धरून ठेवायला काही नसतं, त्यामुळे वेगात ती पायाखाली सरकते, एवढाच फरक.

‘बूटच कशाला, अनवाणी पळा’ असंही तुम्हाला कुणी तरी सांगेलच. एबेबे बिकिला १९६० साली रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला हे खरं, पण १९६४ साली टोकियोत तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला, हा भाग सांगायचा राहून जातो. तुमच्या शेजारच्या बारामतीत लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. ती धाव नवऱ्याच्या उपचारांच्या पैशांसाठी होती. ती हौस नव्हती, की प्रशिक्षणाची पद्धतही नव्हती. जन्मभर अनवाणी चाललेल्या पायाला जे जमतं ते शाळेपासून बुटात वाढलेल्या पायाला एका महिन्यात जमवायला जाऊ नये.

मापाचं थोडक्यात. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. पळताना वापरता तेच मोजे घालून उभं राहावं आणि सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का बघावं. उतारावर पाय पुढे सरकतो, जागा नसेल तर नखं काळी पडतात. ब्रिटिश, अमेरिकन आणि युरोपीय आकड्यांच्या घोळात न पडता पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून न्या, बहुतेक खोक्यांवर ती छापलेली असते.

शेवटी तुमची भरती. राखीव पोलीस बलाच्या मैदानी चाचणीत १०० पैकी ५० गुण ५ किलोमीटर धावण्याला आहेत. एका बुटाचं वजन १०० ग्रॅमनी वाढलं की पळायला सुमारे एक टक्का जास्त ऊर्जा लागते. वीस मिनिटांच्या धावेत हा फरक दहाएक सेकंदांचा पडू शकतो. म्हणून रोजच्या सरावाला तीन-चार मिलिमीटर दात्यांचा, पट्टी असलेला, जाळीचा बूट ठेवा. मैदानावरच्या वेगाच्या सरावाला आणि चाचणीला साधा, हलका रनिंग शू वापरा, मात्र तो आधी काही आठवडे पायात मुरलेला हवा. भरतीच्या दिवशी कोरा बूट घालणारी मुलं दरवर्षी दिसतात आणि पायाला फोड घेऊन घरी जातात.

दोन जोड परवडत नसतील तर पहिलाच घ्या. आणि आहे तो जोड फेकू नका किंवा पडेल भावात विकूही नका. माती वाळू द्या, बूट एकमेकांवर आपटून ढेकळं पाडा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. उन्हात ठेवलात तर सोलचा डिंक सुटतो. पावसाळ्यात मित्रांबरोबर राजगड किंवा तोरण्याला जायचं ठरलं की तिथल्या तांबड्या, निसरड्या उतारावर तो कामाला येईल. फक्त जाताना एक कोरडा मोजा जास्त ठेवा, वॉटरप्रूफ आहे म्हणून.