सही तुझी, तर किल्लीही तुझीच

अगं, कांचघरला गाळा बघून झाला, रात्री दोनपर्यंत भोजनालय चालवायचं ठरलं, आणि हे मला काकूंकडून कळावं? बरं, असो. बेत मला आवडला. रात्रपाळी सुटलेले कारखान्यातले लोक, उशिराच्या गाडीने स्टेशनवर उतरलेले प्रवासी, अभ्यासाला जागणारी मुलं. त्या वेळी गरम पोळी-भाजी मिळाली तर गिऱ्हाईक चालत येईल. तुझ्या हातालाही चव आहे.

पण काकू म्हणाल्या, परवाने सगळे तुझ्या नावावर निघणार, आणि गल्ला, नोकर, हिशेब बघणार भावोजी आणि त्यांचे भागीदार. तिथे मात्र माझं मन अडलं. भावोजी वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण ज्याची सही, त्यालाच नोटीस. रात्री एकला तिथे काय चाललंय हे तुला घरी झोपून कळणार नाही, आणि सकाळी जाब मात्र तुलाच द्यावा लागेल.

आधी कागद समजून घे. नगर निगमचा ट्रेड लायसन्स वेगळा. गुमाश्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, वेगळा, तो आपल्या मध्य प्रदेशच्या 1958 च्या दुकान कायद्याखाली. फूड लायसन्सचा 14 अंकी नंबर वेगळा, तो दुकानात दिसेल असा लावायचा आणि बिलावरही छापायचा. यातला एक मिळाला म्हणजे बाकीचे आपोआप आले, असं होत नाही. आणि यातल्या कुठल्याच कागदाने रात्री दोनपर्यंत शटर उघडं ठेवायची मुभा मिळते असं धरून चालू नकोस. ती वेळ आज कुणाच्या आदेशाने ठरते, हे निगममध्ये आणि पोलीस ठाण्यात दोन्हीकडे विचार आणि लेखी घे. वॉर्डाचे पार्षद म्हणतील, ‘बेटा, करो शुरू, हम हैं ना.’ म्हणू देत. त्यांचा शब्द तुझ्या फायलीत लागत नाही.

पुण्याचे मामेभाऊ सांगतीलच की आमच्याकडे चोवीस तास चालतं. खरं आहे. महाराष्ट्राने 2017 च्या कायद्यात दुकानं-हॉटेलांना ती सूट दिली, ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारने ती पुन्हा स्पष्टही केली. दारूचे बार त्यात नाहीत. पण तो कायदा त्यांचा, आपण जबलपूरला. आपल्याला इंदूरकडे बघायला हवं. तिथे सप्टेंबर 2022 मध्ये बीआरटीएसच्या बसमार्गावर रात्रभर दुकानं उघडी ठेवायला परवानगी मिळाली. लोकांनी पैसा घातला. मग रात्रीची भांडणं, नशेतली पोरं, रहिवाशांच्या तक्रारी. जुलै 2024 मध्ये परवानगी रद्द. म्हणून कर्जाचा हप्ता रात्री अकरापर्यंतच्या विक्रीतून निघतो का, ते आधी मांडून बघ. त्यातून निघत नसेल तर तो गाळा तुला महाग आहे.

आता गाळ्याचं. परत जा, पण स्वयंपाकाच्या वेळी जा. सिलिंडर कुठे ठेवणार? घरचा लाल 14.2 किलोचा चालणार नाही, व्यावसायिकच लागेल. मागचं दार आहे का, की तिथे पोती रचलीत? शटर बंद असताना आतला माणूस कुठून बाहेर पडेल? हसू नकोस. 1 ऑगस्ट 2022 ला आपल्याच शहरात, दमोह नाक्याजवळच्या खासगी रुग्णालयात आगीत आठ जण गेले; बाहेर पडायला वाट एकच, आणि अग्निसुरक्षेच्या तात्पुरत्या परवानगीची मुदत उलटलेली. डिसेंबर 2025 मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबात मध्यरात्रीच्या सुमारास आग लागून 25 माणसं गेली, त्यातली बहुतेक तिथले कामगार. त्या क्लबच्या पंचायतीच्या परवान्याचीही मुदत संपलेली होती. कागद शिळा झाला तरी धंदा चालू राहतो, हीच तर भीती. मुदतीच्या तारखा स्वतःच्या डायरीत लिही, भागीदारांच्या भरवशावर सोडू नकोस.

शेजाऱ्यांचं विसरू नकोस. एक्झॉस्ट फॅन कुणाच्या खिडकीसमोर येतो ते बघ. रात्री साडेबाराला नळाखाली कढई घासली की सगळी गल्ली जागी होते. भांडी आतच घासायची, शटर हळू ओढायचं, खरकटं नालीत नाही टाकायचं. दहानंतर बाहेर स्पीकर अजिबात नाही. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. बाजूच्या आजोबांची झोप मोडली तर पहिली तक्रार तेच करतील, आणि त्यांचं चुकणार नाही. उद्घाटनाच्या आधी त्या चार घरी स्वतः जा, आपला फोन नंबर देऊन ये. तक्रार आधी तुझ्याकडे येऊ दे, मग चौकीवर.

कामाला पोऱ्या ठेवतील, स्वस्त पडतो म्हणून. 14 वर्षांखालचा तर नाहीच, आणि 18 च्या आतल्याला संध्याकाळी 7 नंतर कायद्याने काम देता येत नाही. हेही तुझ्याच सहीवर येईल.

तर भावोजींना शांतपणे सांग: नाव माझं हवं असेल तर बँकेचं खातं मी चालवणार, नोकर मी नेमणार, रात्री शटर कधी पाडायचं ते मी ठरवणार, आणि भागीदारी लेखी होणार. पटलं तर आनंदाने सही कर. नाही पटलं तर परवाने त्यांनी स्वतःच्या नावावर काढावेत, तू स्वयंपाकघर सांभाळ आणि पगार घे. दोन्हीत कमीपणा नाही. मधलं मात्र काही करू नकोस. घरमालकाचं संमतिपत्र मिळालं की मला सांग, निगमच्या ऑफिसात मी येते बरोबर. खिडकीवर दोघी असल्या की ‘कल आना’ जरा कमी ऐकू येतं.