फुटवा भरपूर, पण ऊस कुठाय? – गवताळ वाढ रोगाची ओळख



खोडव्याच्या पाहणीला आम्ही शिवारात येतो, तेव्हा एखादे सभासद कौतुकाने बेट दाखवतात, "साहेब, फुटवा बघा, मोजता येत नाही!" जवळ जाऊन पाहावे तर फुटवे काडीसारखे बारीक, पाने अरुंद व पांढुरकी, आणि गाळपालायक ऊस एकही नाही. हा जोम नव्हे, हा गवताळ वाढ रोग.

या रोगाचे कारण म्हणजे फायटोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जंतू. १९६७ सालापर्यंत असे रोग विषाणूंमुळे होतात, असाच समज होता. त्या वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी हे जंतू प्रथम दाखवून दिले. उसाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत बसून तो पोसला जातो.

आता प्रश्न असा, की एवढासा जंतू अख्खे बेट कसे बिघडवतो? तो आपल्या अंगातून काही प्रथिने बाहेर सोडतो. इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच कुळातील, ॲस्टरवर्गीय पिकांवर येणाऱ्या एका जंतूचे असे प्रथिन तपासले. त्यांचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. झाडात वाढीला लगाम घालणारी स्वतःची प्रथिने असतात. जंतूचे प्रथिन पेशीत शिरून नेमकी तीच मोडते. लगाम सुटला की झाड फुटतच राहते. शिवाय किडीला तोंड देण्यासाठी झाड जे संप्रेरक तयार करते, तेही कमी पडते. मग तुडतुड्यांची पैदास वाढते, आणि हेच तुडतुडे जंतू शेजारच्या झाडावर नेतात. म्हणजे चोर घरात शिरला, कुलूप मोडले आणि साथीदारालाही वाट करून दिली!

जंतू नळीच्या आत असल्याने बुरशीनाशक फवारून काही उपयोग नाही. तो खर्च वाया जातो. बेण्यातून तर रोग सरळ पुढच्या लागणीत येतो. म्हणून :

१) रोगट प्लॉटमधील बेणे, दिसायला कितीही चांगले असले तरी, घेऊ नये.

२) मूलभूत बेण्यास ५४ अंश सेंटिग्रेड उष्ण बाष्प हवेची अडीच तास प्रक्रिया करावी व त्यापासून टप्प्याटप्प्याने बेणे मळे वाढवावेत.

३) रोगट बेट दिसताच मुळासकट उपटून जाळावे. नुसते कापल्यास ते पुन्हा फुटते.

४) रोगाचे प्रमाण जास्त असल्यास खोडवा ठेवू नये.

पाने पांढरी दिसली की लगेच घाबरू नये. लोहाच्या कमतरतेने केवडा पडतो, पण त्यात हिराकस फवारल्यावर पाने हिरवी होतात. शंका आल्यास गट ऑफिसला कळवा, आम्ही बांधावर येऊन पाहू. एक बेट उपटताना जीव तुटतो खरा, पण ते ठेवले तर पुढचा खोडवा आपल्याला रडवतो.